काट्यापासून लॉग फाइलपर्यंत: सीरियल पोर्ट आणि नेटवर्कवरून येणारा डेटा नोंदवायचा कसा

साखर कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉली चढते, इंडिकेटरवरचा आकडा वरखाली होत स्थिरावतो, पावती छापून येते आणि गाडी पुढे जाते. पावतीवर एकच आकडा राहतो. तो स्थिर होण्याआधी काट्यानं काय दाखवलं, गाडीची सगळी चाकं काट्यावर होती का, आधीची गाडी उतरल्यावर आकडा शून्यावर परत आला होता का, असं पुढे महिन्याभरानं एखाद्या शेतकऱ्यानं विचारलं तर पावती काहीच सांगत नाही. ते सांगू शकतात फक्त इंडिकेटरच्या मागच्या सीरियल पोर्टमधून (डेटा एकेक बिट करून पाठवणाऱ्या सॉकेटमधून) सतत बाहेर पडणाऱ्या ओळी, आणि त्याही कुणी उतरवून ठेवल्या असतील तरच.

या लेखात त्या ओळी आधी थेट केबलनं आणि मग नेटवर्कवरून कशा उतरवायच्या ते पाहू. उदाहरण काट्याचं घेतलं आहे, पण वीजमीटर, जीपीएस, हवामान केंद्र, प्रयोगशाळेतला तराजू, सगळीकडे पद्धत हीच लागू पडते. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. लॉगरनं, म्हणजे नोंद करणाऱ्या सॉफ्टवेअरनं, आलेला डेटा आधी जसाच्या तसा, वेळेसकट लिहावा. त्यातून वजन वेगळं काढणं, गाळणं, एक्सेलमध्ये टाकणं हे सगळं नंतर, दुसऱ्या प्रोग्रॅमनं करावं. बरेच जण लॉगरलाच "फक्त स्थिर वजन ठेव" असं सांगून मोकळे होतात. गाळणीचा नियम चुकीचा निघाला तर ते चार महिन्यांनी कळतं आणि तोपर्यंत गाळलेलं गेलेलं असतं. कच्ची नोंद असेल तर नियम बदलून पुन्हा चालवता येतो.

आधी केबल, मग सॉफ्टवेअर

बहुतेक इंडिकेटरांवर आरएस-२३२ या सीरियल जोडणीच्या मानकाचा नऊ पिनांचा सॉकेट असतो. नुसतं ऐकायचं असेल तर दोनच तारा लागतात: इंडिकेटरची डेटा पाठवणारी तार कॉम्प्युटरच्या पिन २ वर आणि ग्राउंड पिन ५ वर. कॉम्प्युटरची पिन ३ ही पाठवण्याची. ती जोडलीच नाही तर लॉगर चुकूनही इंडिकेटरला कुठला आदेश पाठवू शकत नाही. वजनाच्या कामात ही मोठी सोय आहे, म्हणून मी शक्य तिथे ती तार मोकळीच ठेवायला सांगतो. मात्र इंडिकेटर विचारल्याशिवाय आकडा देत नसेल, तर तिन्ही तारा लागतील.

आरएस-२३२ साधारण पंधरा मीटरपर्यंत भरवशाचं. ऑफिस त्याहून लांब असेल तर केबल ओढत बसू नका. एक तर आरएस-४८५ घ्या, जे कमी वेगावर १२०० मीटरपर्यंत जातं, किंवा पुढे सांगितल्याप्रमाणे नेटवर्कवर चढा. उघड्या आवारातून जाणाऱ्या केबलसाठी आयसोलेटर (दोन्ही टोकं विजेच्या दृष्टीनं वेगळी ठेवणारं साधन) जरूर बसवा. पावसाळ्यात वीज जवळ पडली की काटा आणि ऑफिस यांच्या अर्थिंगमधला फरक त्याच ग्राउंडच्या तारेतून वाट काढतो आणि इंडिकेटर, कॉम्प्युटर दोघांचे पोर्ट जळतात.

एक गोष्ट विसरू नका. व्यापारी वापराच्या काट्याच्या इंडिकेटरवर वैधमापन विभागाचं सील असतं. सीरियल सॉकेट सहसा सीलच्या बाहेर असतो, त्यामुळे केबल लावायला अडचण येत नाही. सेटिंग बदलायला सील तोडावं लागत असेल, तर ते काम परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याचं.

कॉम्प्युटरला सीरियल पोर्ट नसेल तर यूएसबी कन्व्हर्टर घ्या. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून "पोर्ट्स" या शीर्षकाखाली त्याला कुठला कॉम नंबर मिळाला ते पाहा आणि कन्व्हर्टर ज्या यूएसबी सॉकेटमध्ये लावला त्याच्याशेजारी तो नंबर मार्करनं लिहून ठेवा. स्वतःचा सीरियल नंबर नसलेले स्वस्त कन्व्हर्टर दुसऱ्या सॉकेटमध्ये लावले की कॉम ३ चे कॉम ५ होतात आणि लॉगर नसलेल्या पोर्टवर वाट पाहत बसतो. एफटीडीआय चिपच्या कन्व्हर्टरांना बहुधा असा नंबर असतो, म्हणून जिथे चोवीस तास काम चालणार तिथे थोडे पैसे जास्त घालणं परवडतं.

सेटिंग जुळवणं

इंडिकेटरच्या माहितीपुस्तिकेत चार गोष्टी शोधा: बॉड रेट (पाठवण्याचा वेग), डेटा बिट (एका अक्षराचे बिट), पॅरिटी (चूक ओळखण्यासाठीचा जादा बिट) आणि स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण). ९६००, ८, पॅरिटी नाही, १ ही जोडी सर्वांत जास्त भेटते. फ्लो कंट्रोल (पाठव किंवा थांब असे इशारे) "नाही" वर ठेवा. दोनच तारा जोडलेल्या असताना हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू ठेवलं तर काही उपकरणं इशाऱ्याची वाट पाहत गप्प बसतात.

आता टेरा टर्म किंवा पुटी उघडा. पोर्टवर येणारं पडद्यावर दाखवणारे हे दोन्ही टर्मिनल प्रोग्रॅम मोफत आहेत. कॉम पोर्ट निवडा, वेग द्या आणि पडद्याकडे बघा. सतत पाठवणारा इंडिकेटर असेल तर ओळी लगेच धावू लागतील. एक नमुना (पडद्यावर तो इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत दिसतो):

एसटी,जीएस,+००१८४६०केजी

पहिली दोन अक्षरं वजन स्थिर असल्याची खूण. वजन हलत असेल तर तिथे यूएस येतं, क्षमतेबाहेर गेलं तर ओएल. जीएस म्हणजे ढोबळ वजन. पुढे चिन्ह, सात अंक आणि एकक. ओळीच्या शेवटी न दिसणारी दोन अक्षरं असतात, कोड १३ (ओळीच्या सुरुवातीला परत जा) आणि कोड १० (खालच्या ओळीवर जा). प्रत्येक कंपनीची मांडणी थोडी वेगळी असते. काही जण ओळीच्या सुरुवातीला कोड २ आणि शेवटी कोड ३ लावतात. तुमच्या इंडिकेटरची मांडणी पुस्तिकेवरून नाही तर पडद्यावरून पक्की करा.

पडद्यावर कचरा आला तर तो कसला आहे हे नीट पाहा, कारण कचराच दोष सांगतो. सगळंच अगम्य असेल तर बॉड रेट चुकला. पण काही अंक बरोबर आणि काही विचित्र दिसत असतील, तर पॅरिटी तपासा. समजा इंडिकेटर ७ डेटा बिट आणि सम पॅरिटीवर पाठवतोय आणि तुम्ही ८ बिट, पॅरिटी नाही असं वाचताय. दोन्हींत एका अक्षराला दहाच बिट लागतात, त्यामुळे वेग जुळतो आणि चूक चटकन लक्षात येत नाही. अंक १ चा कोड ०११०००१. यात तीन एक आहेत, म्हणजे विषम. ते सम करायला पाठवणारा आठवा बिट १ करतो आणि तुमच्याकडे भलतंच अक्षर उमटतं. अंक ३ चा कोड ०११००११, चार एक, आठवा बिट ० राहतो आणि ३ बरोबर दिसतो. हिशेब पुढे नेला तर ०, ३, ५, ६, ९ नीट दिसतात आणि १, २, ४, ७, ८ बिघडतात. याच्या बरोबर उलटं दिसलं तर समोर विषम पॅरिटी आहे. ओळी पुढच्या ओळीच्या सुरुवातीला न जाता पायरीपायरीनं उजवीकडे सरकतात त्याचंही कारण हेच: कोड १३ मध्ये तीन एक असल्यानं तोही बिघडतो. काट्यावर रिकाम्या वेळी सगळी शून्यंच येत असतात आणि शून्य तर बरोबर दिसतं, म्हणून ही तपासणी गाडी उभी असतानाच करा.

विंडोजची एक जुनी खोडही इथेच सांगतो. कॉम्प्युटर सुरू होताना पोर्टवर डेटा येत असेल तर विंडोज कधीकधी त्या उपकरणाला सीरियल माउस समजतं. मग पडद्यावरचा बाण आपोआप उड्या मारतो, वाटेल ते क्लिक होतं आणि व्हायरस आला म्हणून धावपळ होते. केबल काढून डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा, केबल परत लावा, माउसच्या यादीत "मायक्रोसॉफ्ट सीरियल बॉलपॉइंट" दिसलं की ते डिसेबल करा. अनइन्स्टॉल करू नका. पुढच्या वेळी ते परत येतं.

पहिला लॉग

टेरा टर्ममध्ये फाइल मेनूतून लॉग निवडा. टाइमस्टॅम्पवर खूण करा आणि स्थानिक वेळ निवडा. अपेंडवर खूण करा, नाहीतर पुढच्या वेळी तीच फाइल कोरी होऊन सुरू होईल. बायनरीचा पर्याय निवडलात तर टाइमस्टॅम्प मिळत नाही. पुटीतही लॉगिंग आहे, पण ते प्रत्येक ओळीला वेळ लावत नाही. आठवडाभराच्या नोंदीत वेळच नसेल तर ती शोधायची कशाच्या आधारावर? म्हणून पुटी तपासणीला ठीक, नोंदीला टेरा टर्म.

तासभर लॉग चालू ठेवून फाइलचा आकार बघा आणि हिशेब मांडा. वरची ओळ न दिसणारी अक्षरं धरून १८ बाइटची आहे. इंडिकेटर सेकंदाला दहा ओळी पाठवत असेल तर दिवसाला ८,६४,००० ओळी, म्हणजे साधारण साडेपंधरा एमबी. वेळ लावल्यावर ते सदतीसच्या आसपास जातं. डिस्कला हे काहीच नाही. पण एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळीच मावतात, म्हणजे एक दिवस जेमतेम बसतो आणि दोन दिवस बसत नाहीत. तेव्हा दर दिवसाला नवी फाइल हवीच. टेरा टर्म फाइलच्या नावात तारीख घालू शकतं, पण ती लॉग सुरू झाला त्या क्षणाची. रात्री बारा वाजता ते स्वतःहून नवी फाइल उघडत नाही. आकारानुसार फाइल बदलण्याची सोय आहे, फक्त जुन्या किती फायली राखायच्या हा आकडा वाचून मगच ती चालू करा.

हंगामभर चालणारा लॉगर

चार दिवसांच्या तपासणीला टर्मिनल प्रोग्रॅम पुरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरला गाळप सुरू झालं की पुढचे चार-पाच महिने काटा थांबत नाही, तिथे लॉगिंगसाठीच बनवलेलं सॉफ्टवेअर किंवा पायथनमधला छोटा प्रोग्रॅम हवा. पायथनला पायसीरियल नावाची लायब्ररी आहे आणि ज्याला थोडंफार प्रोग्रॅमिंग येतं त्याला हे काम एका दुपारचं आहे. विकत घ्या नाहीतर लिहा, पुढच्या गोष्टी त्यात असल्याच पाहिजेत.

पोर्ट उघडून लॉगर ओळीचा शेवट येईपर्यंत वाचतो, पण वाट पाहायला मर्यादा असते, समजा एक सेकंद. ओळ आली की पुढे तारीख आणि वेळ मिलिसेकंदांसह लावतो आणि फाइलमध्ये टाकतो. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमानं लिहा, म्हणजे फायली नावानं लावल्या तरी काळानं लागतात, आणि शेवटी +०५:३० (भारतीय वेळेचा जागतिक वेळेशी फरक) जोडा. ओळ अर्धवट आली तर ती टाकून न देता अर्धवट म्हणूनच लिहायची.

दहा सेकंद काहीच आलं नाही तर लॉगरनं "डेटा नाही" अशी स्वतःची ओळ लिहिली पाहिजे. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. लॉगमध्ये दुपारी दोन ते तीन काहीच नसेल, तर इंडिकेटर बंद होता, केबल निघाली होती की लॉगरच मेला होता, हे नंतर सांगता येत नाही. गप्प राहिलेल्या वेळेचीही नोंद असेल तर निदान लॉगर जागा होता एवढं तरी सिद्ध होतं. तसंच पोर्ट नाहीसा झाला, उदाहरणार्थ कुणी यूएसबी काढलं, तर प्रोग्रॅम बंद न पडता ते नोंदवून दर पाच सेकंदांनी पोर्ट पुन्हा उघडून पाहील.

लिहिलेली ओळ लगेच डिस्कवर जातेच असं नाही. ती आधी प्रोग्रॅमच्या आणि मग ऑपरेटिंग सिस्टिमच्या बफरमध्ये थांबते. वीज गेली की बफरमधलं गेलं. म्हणून दर काही सेकंदांनी फाइल सक्तीनं डिस्कवर उतरवा आणि कॉम्प्युटर यूपीएसवर ठेवा.

वेळेबद्दल थोडं. लॉगमधली वेळ ही ओळ कॉम्प्युटरपर्यंत पोहोचल्याची असते. ९६०० वर १८ अक्षरांना जवळपास १९ मिलिसेकंद लागतात आणि एफटीडीआयचा ड्रायव्हर मुळात १६ मिलिसेकंदांपर्यंत डेटा धरून ठेवू शकतो. काट्याला त्यानं फरक पडत नाही, कंपनांच्या मोजणीला पडेल. खरा घोळ होतो तो मदरबोर्डवरचा सेल संपल्यावर: वीज जाऊन आली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि लॉग तिथूनच सुरू होतो. सेल बदला आणि घड्याळ इंटरनेटवरच्या टाइम सर्व्हरशी जुळतं ठेवा. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा सर्व्हर भारतीय प्रमाणवेळ देतो.

विंडोजमध्ये हा प्रोग्रॅम टास्क शेड्युलरमधून, कुणी लॉगिन केलं नसलं तरी चालेल असा लावा. तिथल्या तयार सेटिंगमध्ये दोन सापळे आहेत. तीन दिवसांहून जास्त चाललेलं काम थांबवायचं, अशी खूण आधीच केलेली असते. ती काढली नाही तर चौथ्या दिवशी लॉग बंद. दुसरी खूण काम फक्त मेन्सच्या विजेवर सुरू करण्याची. लॅपटॉप असेल तर तीही काढा. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप आणि यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. लिनक्सवर सिस्टमडीची (मागे चालणारे प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या यंत्रणेची) सर्व्हिस बनवा, ती पडली की आपोआप उठेल अशी. पोर्ट उघडायची परवानगी नाकारली गेली तर बऱ्याच वितरणांत वापरकर्त्याला "डायलआउट" गटात घालावं लागतं.

एक पोर्ट, दोन गिऱ्हाइकं

पावती छापणारं सॉफ्टवेअर तोच पोर्ट वापरतंय, मग लॉगर कुठे लावायचा? विंडोज एक कॉम पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला देतं. दुसऱ्याला "ॲक्सेस डिनाइड" मिळतं. लिनक्सवर दोघांनाही उघडू दिलं जातं आणि ते जास्त घातक, कारण आलेली अक्षरं दोघांत वाटली जातात आणि दोन्हीकडे तुकडे पडतात.

इंडिकेटरला दुसरा पोर्ट असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर इंडिकेटरची पाठवणारी तार आणि ग्राउंड आणखी एका कन्व्हर्टरच्या पिन २ आणि ५ वर न्या. केबल आखूड असेल तर एक पाठवणारा दोन ऐकणाऱ्यांना सहसा पुरतो. दोघांच्याही पाठवणाऱ्या तारा मात्र एकत्र जोडायच्या नाहीत. सॉफ्टवेअरनं पोर्ट दुभागण्याचाही मार्ग आहे, पण मग पावतीचं काम त्या मधल्या प्रोग्रॅमवर अवलंबून राहतं. काट्यावर गाड्यांची रांग लागलेली असताना ती जोखीम मी घेणार नाही.

नेटवर्कवर चढताना

काटा गेटवर आणि ऑफिस दोनशे मीटरवर असेल तर सीरियल डिव्हाइस सर्व्हर बसवा. एका बाजूला सीरियल, दुसऱ्या बाजूला नेटवर्क केबलचा सॉकेट असलेली ही छोटी डबी. शंभर मीटरहून लांब जायचं असल्यानं मध्ये स्विच किंवा फायबर लागेल. डबीला कायमचा आयपी पत्ता द्या. राउटरनं दिलेला पत्ता वीज गेल्यावर बदलू शकतो. मोड "टीसीपी सर्व्हर" (टीसीपी म्हणजे आधी जोडणी करून डेटा पाठवण्याची पद्धत) आणि प्रकार "रॉ" (जसंच्या तसं) ठेवा. टेलनेट प्रकार निवडलात तर २५५ कोडच्या बाइटला वेगळा अर्थ मिळतो आणि बायनरी डेटा बिघडतो. पोर्ट क्रमांक पुस्तिकेत मिळेल. मोक्सा कंपनीच्या एनपोर्ट डब्यांमध्ये तो मुळात ४००१ असतो. अशा डब्या बहुधा एकाच वेळी एकच जोडणी घेतात, म्हणून तपासणीसाठी उघडलेलं टेरा टर्म बंद केल्याशिवाय लॉगर जोडला जाणार नाही.

टीसीपीबद्दल दोन गैरसमज लॉग बिघडवतात. पहिला असा की डबीनं एक ओळ पाठवली की लॉगरला एक ओळ मिळते. टीसीपी क्रम राखतं, काही गहाळ होऊ देत नाही, पण ओळींच्या सीमा त्याला ठाऊकच नसतात. एका वाचनात अडीच ओळी येतील, पुढच्यात उरलेली अर्धी. म्हणून आलेलं साठवत जायचं आणि कोड १० दिसला की तिथवरची ओळ तोडून घ्यायची. दुसरा गैरसमज असा की जोडणी तुटली की लॉगरला कळतं. समोरची डबी नीट बंद झाली तर कळतं. तिची वीज अचानक गेली किंवा मधली केबल निघाली तर ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. जोडणी जिवंत आहे असं समजून तो तासन्‌तास बसून राहतो. टीसीपीची स्वतःची जिवंतपणाची चाचणी बहुतेक ठिकाणी आधी चालूच करावी लागते आणि विंडोज, लिनक्स दोन्हींवर तिची ठरलेली मुदत दोन तासांची असते. तेवढ्यात शंभर गाड्या निघून जातील. सतत बोलणाऱ्या इंडिकेटरसाठी नियम सोपा करा: तीस सेकंद शांतता झाली की जोडणी स्वतः तोडा, नोंद करा, पुन्हा जोडा.

काही उपकरणं यूडीपीवर, म्हणजे जोडणी न करता सुटी पॅकेटं सोडण्याच्या पद्धतीनं, पाठवतात. नेटवर्क साधनांचे सिसलॉग (घडामोडींच्या नोंदीचे) संदेश पारंपरिकरीत्या यूडीपी ५१४ वर येतात. इथे एक पॅकेट म्हणजे एक संदेश, सीमा शाबूत. पण हरवलेलं पॅकेट हरवलंच आणि पाठवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. उपकरण अनुक्रमांक देत असेल तर तो लॉगमध्ये राखा, म्हणजे गाळलेल्या जागा दिसतील. पाठवणाऱ्याचा आयपी पत्ताही प्रत्येक ओळीत लिहा. विंडोज फायरवॉलमध्ये तो पोर्ट उघडायला विसरलं तर लॉग कोराच राहतो.

रॉ पोर्टला पासवर्ड नसतो. जो जोडला जाईल तो वाचू शकतो आणि तार जोडलेली असेल तर लिहूही शकतो. घरून बघता यावं म्हणून राउटरवर हा पोर्ट इंटरनेटला उघडा करू नका, व्हीपीएन (इंटरनेटवरची खासगी, सुरक्षित वाट) वापरा.

नोंदीतून वजन काढणं

आता मूळ फाइल हात न लावता बाजूला ठेवायची आणि दुसरा प्रोग्रॅम तिची प्रत वाचणार. काट्यासाठी नियम साधारण असा: वजन ठरावीक किमान आकड्याच्या वर गेलं की गाडी आली, शून्याजवळ परत आलं की गेली, त्या दरम्यान स्थिर खुणेच्या ओळींत सलग दोन-तीन सेकंद टिकलेला आकडा ते वजन. सोबत गाडी येण्याआधीचा रिकाम्या काट्याचा आकडाही काढा. तो शून्य नसेल तर प्लॅटफॉर्मवर चिखल, पाचट किंवा दगड आहे, नाहीतर शून्य सरकलंय. वजनाबद्दलच्या तक्रारीत हाच आकडा सगळ्यात उपयोगी पडतो आणि पावतीवर तो कधीच नसतो.

निकाल सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या मजकूर-फाइलीत) लिहा, पण ती फाइल दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. एक्सेल पुढची शून्यं खातं आणि तारखांसारखं दिसणारं सगळं तारखांत बदलतं. डेटा मेनूतून आयात करा आणि पावती क्रमांक, गाडी क्रमांक हे रकाने मजकूर म्हणून घ्या. दिवस संपल्यावर बंद झालेली फाइल दुसऱ्या डिस्कवर न्या, फक्त वाचण्याजोगी करा आणि तिचा हॅश (मजकुरावरून काढलेला, तो बदलला की बदलणारा ठसा) काढून वेगळ्या ठिकाणी लिहून ठेवा. पुढे वाद झाला तर फाइल बदललेली नाही हे दाखवता येतं.

तोडून बघणं

सगळं जुळल्यावर ते मुद्दाम मोडा. लॉग चालू असताना सीरियल केबल काढा, मिनिटभरानं लावा; लॉगमध्ये शांततेची नोंद आणि मग ओळी पुन्हा सुरू झालेल्या दिसल्या पाहिजेत. यूएसबी कन्व्हर्टर ओढा. डबीची वीज बंद करा. स्विचमधली केबल काढा, हा प्रकार वरच्यापेक्षा वेगळा आहे आणि बरेच लॉगर इथेच अडकतात. कॉम्प्युटर रीस्टार्ट करून लॉगिन न करता थांबा आणि फाइल वाढतेय का ते दुसऱ्या मशीनवरून पाहा. एक रात्र चालू ठेवून बारा वाजता नवी फाइल उघडली का आणि दोन्ही फायलींच्या सांध्यावर ओळ तुटली का ते बघा. डिस्क भरली तर काय होतं हे पाहायला लॉग छोट्या पेनड्राइव्हवर वळवा. ठाऊक असलेलं वजन काट्यावर ठेवून इंडिकेटर, पावती आणि लॉग तिन्हीकडे तोच आकडा येतो का ते ताडून घ्या.

या चाचण्या सप्टेंबरमध्येच उरका. मोळी टाकून गाळप सुरू झालं की रिकामा काटा मिळायला थेट पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, थांबावं लागतं.